हळदीच्या उपरण्याची साक्ष

नवागामच्या आमच्या चाळीसमोर त्या रविवारी एवढी गर्दी होती की दूधवाल्याला मोटारसायकल ढकलत न्यावी लागली. मधोमध पाटावर एक उपरणं पसरलेलं. बावीस वर्षांपूर्वी, ऐन हळदीच्या दिवशी, सुभद्राबाईंच्या मुलाचा, बन्सीलालचा, कुणीतरी खून केला, तेव्हा हे त्याच्या खांद्यावर होतं. पोलिसांना खुनी सापडला नाही. लखन भगताला मात्र तो तासाभरात सापडणार होता.

"खुन्याचा हात लागला की कापड रगत ओकंल!" भगत गरजला. उपरण्यावर त्यानं ताजी ओली हळद चोळली. का, तर अर्धं राहिलेलं लग्न आधी पुरं व्हायला हवं. मेलेल्याचं लग्न लावणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो.

बन्सीलालच्या वयाचे पुरुष आंघोळ करून रांगेत उभे राहिले. एकेकानं हात टेकवला. हळद पिवळीच राहिली. उरला सोमा. त्याचं बन्सीलालशी एकदा भांडण झालं होतं, हे भगताच्या कानावर कुणीतरी घातलेलंच होतं. त्याला पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमधून, पाळी संपताच, थेट आणलं. "त्याला आंघोळ करू देऊ नका," भगतानं बजावलं होतं, "पाप पाण्यानं वाहून जातं." इतरांचं वाहून गेलं तरी चालणार होतं.

सोमानं हात टेकवला आणि पाची बोटं लालभडक उमटली.

"मी नही मारं, माय!" सोमा ओरडला. सुभद्राबाईंनी तोंड फिरवलं. संध्याकाळच्या आत सोमाचं बिऱ्हाड रस्त्यावर काढायचं, असं तिथल्या तिथं ठरलं. सांगायला लाज वाटते, पण ठरवणाऱ्यांत निम्मे आम्ही डाईंगचेच कामगार होतो. जन्म रंगात गेला आणि रंग ओळखता आला नाही.

ओळखला तो मिलच्या लॅबमध्ये कापडाची शेड जुळवणाऱ्या धनश्रीनं. "भगतबाबा, अजून एक हात लावून बघू?" म्हणत तिनं हितेशला पुढे केलं. तोही सोमाच्याच पाळीतून तसाच आलेला. त्यानं हात टेकवला. लाल!

"हितेश, वय किती तुझं?"

"वीस."

म्हणजे खून झाला तेव्हा हा जन्मलाही नव्हता.

"मागच्या जन्मी केला असंल," भगत म्हणाला. गर्दीत पहिल्यांदाच कुणीतरी हसलं.

मग धनश्रीनं सोमाला लिंबू चोळून नळाखाली हात धुवायला लावले. पुन्हा टेकवले. हळद पिवळीच! लाल ठशावर लिंबू पिळलं, तोही पिवळा झाला.

"हाताचा रंग काढायला आपण मिलमध्ये सोडा चोळतो. सोडा लागला की हळद लाल होते. रक्त कधी लिंबानं पिवळं होतं का? बाबा, आता तुमचा हात सोड्यात बुडवा."

बाबांना एकाएकी नंदुरबारची गाडी आठवली.

सुभद्राबाई जागेवरच बसल्या होत्या. "मंग मना बन्सीले कोनी मारं, बेटा?"

धनश्री त्यांच्याशेजारी बसली. "माहीत नाही, आजी."

म्हातारी ओक्साबोक्शी रडली. मग उठून सोमापाशी गेली आणि त्याचे ओले हात तिनं आपल्या पदरानं पुसले.

भगताकडे उत्तर होतं, धनश्रीकडे नव्हतं. तरी खरं बोलली ती धनश्रीच. म्हणून सांगतो: ज्या पुराव्यानं कुणाचं घर उठणार असेल, तो आधी दुसऱ्या हातावर तपासून बघा.