भांड्याला दात नसतात

इमारतीच्या अंगणात सगळे दात घासून, तोंडाला फेस आणून उभे होते. एकेक जण पुढे यायचा, घोटभर कढत पाणी तोंडात खुळखुळवायचा आणि दातबुवांच्या बशीत थुंकायचा. बघता बघता बशीत बारीक पांढऱ्या अळ्या तरंगायच्या.

"निघाली बघा कीड!" बुवा गरजले. "डॉक्टर दात उपटतो, मी किडा उपटतो! त्याच्या यंत्राला किडा दिसेल कसा? किडा शाकाहारी, यंत्र लोखंडी!"

याचा अर्थ कुणालाच कळला नाही, म्हणून सगळ्यांना पटला.

फेसाची ही टूथपेस्ट बनवायची ती दुसऱ्या मजल्यावरची शिवणकामवाली. खोबरेल तेल, खाण्याचा सोडा, लवंगेची पूड आणि शेवटी बुवांनी दिलेली काळपट पुडी. "घरची आहे, नैसर्गिक आहे," म्हणत तिने अख्ख्या इमारतीला बरण्या वाटल्या होत्या. तिच्या मुलीची दाढ दुखत होती. दंतवैद्य बाईंनी ती लगेच भरून घ्या म्हणून बजावलं होतं. पण रोज कीड पडताना दिसत असताना दवाखाना कशाला? आज पोरीचा गाल टम्म सुजला होता आणि अंगात ताप होता.

पेस्ट कालवायचं भांडं गार पाण्यानेच धुवा, नाहीतर गुण जातो, असा बुवांचा दंडक होता. काळजीच्या भरात शिवणकामवाली तो विसरली. तेलकटपणा जाईना म्हणून तिने भांड्यात कढत पाणी ओतलं आणि वर अळ्या आल्या. या भांड्यात तर कुणी थुंकलं नव्हतं! तिने सुईच्या टोकाने एक अळी उचलली. तिला बीचं फुटकं साल चिकटलं होतं.

तिने पोरीला तडक दवाखान्यात नेलं आणि ती अळी नि उरलेली पुडीही पुढे ठेवली.

"हा बीतला कोंब आहे. पुडीत बारीक बिया आहेत, कढत पाण्यात त्या फुटतात," दंतवैद्य बाई म्हणाल्या. "दात किडतो म्हणतो आपण, पण त्यात किडा नसतो. साखरेवर जगणारे जंतू आम्ल सोडतात, त्याने तो पोखरला जातो."

"आणि दाढ?"

"काढावी लागेल. तेव्हाच आणली असती तर वाचली असती. पक्की दाढ आहे, पुन्हा येणार नाही."

तिला रडूही आलं नाही, इतकी लाज वाटली.

संध्याकाळी अंगणात सगळ्यांसमोर तिने कोऱ्या भांड्यात पेस्ट घातली आणि कढत पाणी ओतलं. अळ्या तरंगल्या. "या भांड्याचे दात कुठे आहेत, बुवा?"

"भांड्यालाही कीड लागते!" बुवा म्हणाले खरे, पण तोवर त्यांनी बशी पिशवीत घातली होती.

"तुमची काय चूक, ताई? तुम्हालाही फसवलंच की," शेजारीण म्हणाली.

"मला त्याने फसवलं. तुम्हाला मी फसवलं. बरण्या परत द्या. आणि ज्याचा दात दुखतोय, त्याने आधी डॉक्टर गाठावा."

जिना चढताना पोरगी कापूस दाताखाली धरून बोबडं बोलली, "आई, पहिल्याच दिवशी असं करून बघायचं ना."

तिच्यावर रागावता आलं असतं तर आईला बरं वाटलं असतं. पण पोरीचं बरोबर होतं. खरंखोटं करायला कढत पाणी आणि रिकामं भांडं एवढंच लागत होतं, आणि दोन्ही घरातच होती.