विकलेल्या संघाची बस

मित्रांनो, मी थोडी हळू बोलले तर समजून घ्या. माझं इंजिन कधीच थंडावलं, पण धापा टाकायची सवय अजून गेलेली नाही. मी एक जुनी, थकलेली बस आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या फ्री स्टेट प्रांतात, सोन्याच्या खाणींच्या वस्तीत, फुटबॉलच्या मैदानाला टेकून मी उभी असते. चाकांतली हवा गेली आहे. वाऱ्याबरोबर खाणीच्या ढिगाऱ्यांवरची पिवळी धूळ येते आणि माझ्या काचांवर बसते.

कारखान्यातून आले तेव्हा माझा रंग राखाडी होता. खाणकामगारांना त्यांच्या बराकीपासून खाणीच्या तोंडापर्यंत नेणं आणि परत आणणं, एवढंच माझं काम. जाताना ते गात असत, परतताना माझ्या खिडक्यांना डोकं टेकून झोपत असत. मला चालवायचे न्ताते लेबुसा. तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला न्ताते म्हणतात. माझा दुसरा गिअर अडतो, हे त्यांना ठाऊक होतं. ते त्याला शिव्या देत नसत, गोंजारून घालत असत.

मग खाणीतलं सोनं संपत आलं आणि खाण बंद झाली. मला भंगारात काढायचं ठरलं. पण कामगारांचा एक फुटबॉल संघ होता. त्याचं नाव डिनारे, म्हणजे रानरेडे. काम गेलेल्या त्या माणसांनी कंपनीकडून मला मागून घेतलं. वस्तीतल्या बायकांनी मला तपकिरी रंग दिला, पिवळे पट्टे ओढले आणि पुढच्या बाजूला दोन मोठी शिंगं काढली. त्या बायकांत पुढे होत्या म्मे दिनेओ. म्मे म्हणजे आई. त्या मैदानाबाहेर मैद्याचे गोळे तळून विकत. एक शिंग वाकडं झालं तेव्हा लेबुसा हसले.

"हा रेडा कुणाशी भांडून आलाय का?"

"तुमच्याशी भांडेल आता," म्मे दिनेओ म्हणाल्या. "गाडी चालवा गुपचूप."

मित्रांनो, ती वर्षं माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली होती. आम्ही धुळीच्या मैदानांवर खेळलो, मग गवताच्या. खालच्या लीगमधून वरच्या लीगमध्ये चढलो. गोलरक्षक आणि कर्णधार होता मोत्लालेपुला. सगळे त्याला नुसतं पुला म्हणत. पुला म्हणजे पाऊस. ज्या दिवशी आम्ही देशातल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये पोहोचलो, त्या दिवशी म्हाताऱ्या माणसांनी माझ्या बॉनेटवर थोपटलं. जणू गोल मीच केला होता.

वर चढणं सोपं नव्हतं, पण वर टिकणं त्याहून कठीण निघालं. वरच्या लीगचा खर्च वस्तीला झेपेना, म्हणून संघाचे मालक झाले राम्पाई. त्यांची दारूची दुकानं होती, आणि त्यांना धीर अजिबात नव्हता. दोन सामने हरले की प्रशिक्षक बदलायचा. एकजण तर सामान उतरवण्याआधीच परत गेला. त्याची बॅग माझ्याच टपावर होती. संघ गोंधळला. कधी मोठ्या संघाला हरवायचा, कधी शेवटच्या संघाकडून मार खायचा. लोकही चिडत गेले. ज्यांनी मला थोपटलं होतं, त्यांनीच एका पराभवानंतर मला घेरलं. एक दगड आला आणि माझी काच फुटली. आत पुलाच्या कपाळातून रक्त आलं.

म्मे दिनेओ गर्दीतून वाट काढत आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. हातात तळणीतला झारा होता.

"या, मारा! आधी मला मारा," त्या ओरडल्या. "आत कोण बसलंय? तुमच्याच शेजाऱ्यांची पोरं ना? हरायला त्यांना मजा येते का?"

"म्मे, बाजूला हो, आम्ही गाडीला मारतोय," कुणीतरी म्हणालं.

"गाडीनं पेनल्टी चुकवली का रे, गाढवा?"

काही जण हसले, काही निघून गेले. पण त्या दिवसापासून खेळाडू वस्तीत शिरताना खिडक्यांचे पडदे ओढून घेऊ लागले.

आणि मग राम्पाईंनी संघ विकला.

तुम्हाला वाटेल, संघ कसा विकतात? तो काही टेबल-खुर्ची नाही. मलाही तसंच वाटलं होतं. राम्पाई माझ्यात चढले, दाराजवळच्या दांडीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "वरच्या लीगमधली आपली जागा मी समुद्रकाठच्या लोकांना दिली. माझा धंदा बुडतोय. दुसरा मार्ग नव्हता."

पुलानं विचारलं, "आणि आम्ही? आम्हीही विकले गेलो का?"

"करार असलेले सगळे तिकडे जातील. पगार चांगला मिळेल."

"आणि नाव?"

"नावही त्यांचंच. ते वापरणार नाहीत, पण दुसऱ्या कुणाला वापरूही देणार नाहीत."

न्ताते लेबुसा आरशातून बघत होते. ते म्हणाले, "राम्पाई, बसचं काय केलंत?"

"तीही गेली."

"मग ड्रायव्हरही गेला असेल," लेबुसा म्हणाले आणि त्यांनी इंजिन सुरू केलं.

समुद्रकाठी मला निळा रंग दिला. शिंगांवरून रंगाचे दोन हात फिरवले, तरी उन्हात ती थोडी दिसतच. संघाचं नवं नाव होतं ब्लू हार्बर. मैदान मोठं होतं, खुर्च्या चकचकीत होत्या, पण त्यांवर माणसं नव्हती. तिथल्या लोकांचे त्यांचे स्वतःचे जुने संघ होते. परक्या संघासाठी कोण गळा फोडणार? पुला म्हणायचा, "न्ताते, मी बचाव खेळाडूंना ओरडतो ना, तर माझाच आवाज मला परत ऐकू येतो." पुढच्याच हंगामात संघ घसरला. पुलाचं वय झालं, त्याला घरी पाठवलं. संघासाठी वातानुकूलित बस आली. मला एका आवाराच्या मागे लावलं आणि खाऱ्या वाऱ्यानं माझा पत्रा खायला सुरुवात केली. लेबुसांनाही कामावरून कमी केलं. जाताना त्यांनी माझं स्टिअरिंग फडक्यानं पुसलं. मला राग आला नाही, मित्रांनो. मी फार दमले होते. आता कुणी उठवू नये, एवढंच वाटत होतं.

पण मला उठवायला आली तीच माणसं. लेबुसा, पुला आणि म्मे दिनेओ एके सकाळी आवारात उभे राहिले. वस्तीनं अगदी तळातल्या लीगमध्ये नवा संघ उतरवायचं ठरवलं होतं. पुला प्रशिक्षक झाला होता. आवारातल्या माणसानं मला एकदा खालून वर पाहिलं आणि म्हणाला, "न्या बाबा. जागा तरी मोकळी होईल."

लेबुसांनी दिवसभर माझ्या पोटाखाली पडून मला चालती केली. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. समुद्रकाठाहून वर फ्री स्टेटकडे नेणारा व्हॅन रीनेनचा घाट सुरू झाला आणि मला धाप लागली. रेडिएटरमधून वाफ उसळली. मी अर्ध्या चढावर थांबले.

चाकांना दगड लावून तिघं रस्त्याच्या कडेला बसले. इंजिन थंड होईपर्यंत काही करता येत नव्हतं. म्हणून त्यांनी वस्तीतलं जुनं भांडण पुन्हा उकरून काढलं. नव्या संघाला नाव काय द्यायचं?

"'नवे डिनारे' म्हणू," पुला म्हणाला.

"वकिलाची नोटीस येईल दारात," लेबुसा म्हणाले. "ते नाव आता आपलं नाही."

"मग आपलं काय राहिलं, न्ताते? नाव गेलं, लीग गेली, चांगली पोरं गेली. आहे काय, तर ही गंजलेली गाडी. तीही चढत नाही."

"तिला नको बोलूस. तुझं वय झालं तेव्हा तुला कुणी गंजलेला म्हणालं का?"

"सगळे म्हणाले, न्ताते," पुला म्हणाला. त्यावर तिघंही हसले, पण पुलाला डोळे पुसावे लागले.

रेडिएटरमध्ये पाणी ओतून लेबुसांनी चावी फिरवली. मी नुसती कण्हले. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. खरं सांगते, मला उठायचंच नव्हतं. तेव्हा म्मे दिनेओ उठल्या आणि त्यांनी माझ्या बॉनेटवर धपाधप हात मारले.

"त्सोहा! ऊठ गं, त्सोहा! आम्ही काय झोपलोय? आमची हाडं दुखत नाहीत? त्सोहा!"

त्यांच्या भाषेत त्सोहा म्हणजे ऊठ, जागी हो. खाणीवर पाळीला जाणाऱ्या नवऱ्याला, मुलांना, त्यांनी जन्मभर असंच उठवलं होतं. मी खोकले, थरथरले आणि सुरू झाले. पुला पळत येऊन आत चढला.

"म्मे, झालं!" तो ओरडला. "त्सोहा! संघाचं नाव त्सोहा!"

"शी! हे काय नाव?" म्मे दिनेओ म्हणाल्या. "लोक म्हणतील, झोपाळूंचा संघ आहे."

"म्हणू देत," लेबुसा म्हणाले. त्यांनी दुसरा गिअर गोंजारून घातला आणि आम्ही घाट चढलो.

त्सोहाचे सुरुवातीचे सामने आठवले की अजून लाज वाटते. पण हळूहळू पोरं जमली, लोक परत आले. कुणीही एकटा मालक नको, असं वस्तीनं ठरवलं होतं. मैदानाची निगा, कपडे धुणं, स्वयंपाक, सगळं घरोघरी वाटून घेतलं. मी एक हंगाम त्यांना घेऊन फिरले. मग एका हिवाळ्यात माझं इंजिन कायमचं बसलं. तेव्हापासून मी मैदानाकडेला आहे. खेळाडू माझ्यात कपडे बदलतात. लेबुसा आता काठी टेकत येतात, ड्रायव्हरच्या जागेवर बसतात आणि तिथूनच सामना बघतात.

परवा मोठा सामना झाला. जिंकलो असतो तर वरच्या लीगमध्ये गेलो असतो. पाच गोलांनी हरलो. पोरं माझ्यात येऊन बसली आणि कुणीही बूट काढेना. गोलरक्षकानं टॉवेलमध्ये तोंड खुपसलं होतं. बाहेर माणसांची चाहूल होती. पुलानं पडद्याआडून पाहिलं. त्याचा हात आपोआप कपाळाकडे गेला.

दारावर थाप पडली.

"आत काय अंडी उबवताय?" म्मे दिनेओंचा आवाज आला. "बाहेर या. मक्याची उकड गार होतेय."

"म्मे, लोक खूप आहेत," पुला म्हणाला. "काय म्हणतायत?"

"भूक लागली म्हणतायत. तुमच्याशिवाय कुणी ताट घेईना."

मित्रांनो, माझ्यासारख्या बसला नवा रंग नाही दिलात तरी हरकत नाही. गंज चढणारच. पण तुमची माणसं हरून येतील त्या दिवशी दाराशी उभे राहा, एवढंच मागते. तुम्ही पाठ फिरवलीत की त्यांना विकणं सोपं होतं.

लेबुसांनी दार उघडलं. पोरं एकेक करून उतरली. गोलरक्षक सर्वांत शेवटी, खाली मान घालून उतरला, तेव्हा म्मे दिनेओंनी त्याच्या हातातला टॉवेल काढून घेतला आणि पहिलं ताट त्याला दिलं.