गालाचं वाण

डॉक्टरांनी पूनमचा डावा गाल दोन बोटांत धरून दाबला. आत सुपारीएवढी गाठ होती.

“इंजेक्शन कुणी दिलं?”

पूनमने तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारी बसलेला तिचा नवरा प्रज्योत म्हणाला, “गांधीलमाशी चावली.”

डॉक्टरांनी समोरचा रिपोर्ट पुन्हा वाचला. रायगडातल्या गांधीलमाश्या हल्ली सिलिकॉन टोचतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

माशीचं नाव आरोही. प्रज्योतची धाकटी बहीण. मुंबईत गाल-ओठ भरायच्या इंजेक्शनांचा दोन दिवसांचा कोर्स करून आलेली. मांडव्याच्या रस्त्यावर तिचं पार्लर, भिंतीवर चौकटीत सर्टिफिकेट. गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवात तिने प्लास्टिकच्या डब्यांऐवजी कुपनं वाटली. पूनमच्या कुपनावर ‘गाल’ असं होतं. पूनमची गालांबद्दल काही तक्रार नव्हती. पण वाण नाकारत नाहीत, आणि नणंदेचं तर नाहीच नाही.

महिनाभर गाल पेरूसारखे दिसले. मग डावा दगड झाला, मग लाल, मग वाकडा. सासूने, सखुबाईने, हळद लावली, दृष्ट काढली आणि बजावलं, “पोरीचा धंदा हाय. इचारलं कुणी तर माशीच सांगायची.”

बोटीने मुंबईच्या चार खेपा झाल्या, दोन ऑपरेशनं झाली. कानापुढून चीर देऊन डॉक्टरांनी निघेल तेवढं काढलं. उरलेलं नसांना चिकटलं होतं, ते राहू दिलं. केसपेपरवर मात्र ‘नातेवाइकांच्या सांगण्यानुसार गांधीलमाशी’ हे कायमचं बसलं.

यंदाच्या संक्रांतीला पार्लरमध्ये पुन्हा सतरंज्या पडल्या. पूनमला बोलावणं होतं. न जाणं म्हणजे बोलण्यासारखंच झालं असतं, म्हणून ती गेली. आरोहीने व्रणाकडे न बघता तिला सगळ्यांच्या आधी कुंकू लावलं.

शेजारी गावातल्या रामचंद्राची सून बसली होती, तळा गावाहून नुकतीच लग्न होऊन आलेली. तिच्या हातात कुपन पडलं, पण तिची नजर पूनमवरून हलेना.

“वहिनी, गालाला काय झालं?”

“गांधीलमाशी चावली,” आरोहीने परस्पर सांगितलं. बायकांनी सवयीने माना डोलावल्या.

पूनमने त्या पोरीचा हात उचलला आणि तिची बोटं आपल्या गालावर ठेवली.

“दाब.”

पोरीने भीतभीत दाबलं.

“अजून जोरात. मला कळत न्हाय तिथं. माशी न्हाय चावली. हिनं टोचलं. ह्याच खुर्चीवर.”

तिळाचे लाडू चावणारी तोंडं थांबली. वर्षभर गिळलेलं वाक्य निघालं ते एवढंसंच.

पोरीने बोटं काढून घेतली, पदराला पुसली. कुपन उजेडाकडे धरून वाचलं. मग जिवात जीव आल्यासारखी आरोहीकडे वळली.

“ताई, माझं ओठांचं हाय ना? गालांचं न्हाय?”

“ओठांचंच,” आरोही म्हणाली.

पूनम हसली असावी. उजव्या बाजूने तरी तसं दिसलं.