चार बोटं वाळूच्या वर

अ‍ॅक्रिलिकच्या टाकीला काचेची टाकी समजणाऱ्या माणसाला कुठल्याही टाकीजवळ फिरकू देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. काचेवर पातं चालतं. अ‍ॅक्रिलिकवर पातं राहू दे, भांड्यांची घासणीसुद्धा चालत नाही. ते दिसतं दणकट, पण अंगाने मऊ असतं. पांढऱ्या मऊ पॅडखाली वाळूचा एक कण अडकला, की काम तमाम. टाकीची हौस करणारे ही गोष्ट विसरतात आणि मग आमच्या नावाने शंख करतात.

आम्ही म्हणजे मी आणि माझे सासरे. त्यांना मी अप्पा म्हणते. दर गुरुवारी सकाळी एका मोठ्या कचेरीच्या तळमजल्यावर आम्ही टाकी साफ करतो. बारा फूट लांब आणि अप्पांच्या डोक्याहून उंच. अप्पा शिडीवर चढून लांब दांड्याला लावलेलं पॅड आत सोडतात आणि भिंतीवरचं शेवाळ पुसतात. गंमत अशी, की जो पुसतो त्यालाच काही दिसत नाही. वरून पाण्यात सगळं वाकडं दिसतं. म्हणून दुसऱ्या माणसाने बाहेर उकिडवं बसायचं, टॉर्च तिरका धरायचा आणि बोलायचं. डावीकडे. अजून. वर राहिलंय. पॅड खाली खाली येत वाळूच्या वर चार बोटांवर आलं, की म्हणायचं, "वाळू." अप्पा तिथेच थांबतात, पॅड बाहेर काढून बादलीत खळबळून घेतात आणि पुढचा पट्टा घेतात. शेवटच्या चार बोटांसाठी प्लास्टिकची पट्टी वेगळी.

बाहेर आधी माझा नवरा बसायचा. चौदा महिन्यांपूर्वी तो गेला. चार दिवसांच्या तापात, एवढंच. दुसऱ्या महिन्यात अप्पांनी विचारलं, "येतेस का माझ्याबरोबर?" मी गेले. तेव्हापासून आम्ही दोघं दिवसातून पंचवीस शब्द बोलतो, त्यातले वीस टाकीचे असतात. घरी सासूबाई रेडिओ लावतात आणि त्या आवाजात आम्ही तिघं जेवतो. मला वाईट वाटत नाही. चांगलंही वाटत नाही. लोक म्हणतात, सुनेने किती धीराने घेतलं. धीर वगैरे काही नाही. आत कुणीतरी दिवे घालवून निघून गेलंय, इतकंच.

त्या गुरुवारी मला अप्पांना एक गोष्ट सांगायची होती. पंपवाल्याने मला लग्नाचं विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. पंपवाला म्हणजे आमच्या टाक्यांचे पंप दुरुस्त करणारा, विधुर, सहा तासांवरच्या गावात राहणारा. प्रेमात वगैरे पडले असं म्हणाल तर नाही. तो विचारतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो, तेवढंच मला आवडलं होतं. तारीख ठरली होती, पुढच्या महिन्याची बावीस. मी गेले की अप्पांकडे बाहेर बसायला माणूस नव्हता. नवा माणूस त्यांना पटत नाही, तीन जणांना त्यांनी आठवड्याच्या आत घालवलं होतं. म्हणजे ही टाकी जाणार. आणि मुलाच्या जागी बसलेलं माणूसही जाणार. हे सगळं मला कळत होतं. कळूनही आत काहीच हलत नव्हतं, त्याचीच मला चीड येत होती.

तीन आठवडे मी आज-उद्या करत होते. त्या दिवशी तर मी कहरच केला. समोरची भिंत लख्ख झाली होती, तरी म्हणत राहिले, "अजून थोडं. वर. डावीकडे." अप्पा खाली उतरले की मला त्यांच्याकडे बघून सांगावं लागलं असतं. सत्तरीचा म्हातारा स्वच्छ भिंत पुसत होता आणि मी पुसू देत होते.

शेवटचा पट्टा सुरू झाला. पॅड खाली येत होतं. एक हात, वीतभर, चार बोटं.

"अप्पा," मी म्हटलं, "मी लग्न करतेय."

त्यांचा हात थांबला नाही. मी जे म्हणायला हवं होतं ते म्हटलंच नव्हतं. पॅड वाळूत रुतलं, त्यांनी सवयीने वर ओढलं आणि कर्र असा आवाज आला.

शिडीवर अप्पांनी दांडा जागीच धरला. मग, "ओरखडा?"

"हो."

"किती?"

"हातभर."

दांडा हळूच बाहेर आला. पॅड बादलीत गेलं.

"कुणाशी?"

"पंपवाल्याशी."

"हं. पंप नीट बसवतो तो." बादलीतलं पाणी हलत राहिलं. "कधी?"

"पुढच्या महिन्यात. बावीसला. गावाला जावं लागेल."

"हिला सांगितलंस?"

"आईंना? नाही अजून."

"नको सांगू. तुला जमायचं नाही. मी सांगतो." आणि मग नेहमीच्याच आवाजात, "पट्टी दे."

शेवटची चार बोटं आम्ही नीट काढली. ते उतरले, हात पुसले आणि ओरखड्यासमोर बसले. टॉर्च मागून घेतला, तिरका धरून बघितलं. मी म्हटलं, "चूक माझी आहे. मी सांगेन कचेरीतल्या बाईंना." त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

कचेरीच्या व्यवस्थापक बाई नव्या, चारच महिन्यांपूर्वी आलेल्या. आमच्या घरचं त्यांना काही ठाऊक नाही. अप्पांनी त्यांना टाकीपाशी आणलं. "ओरखडा पडलाय. पुढच्या खेपेला पॉलिश करून काढतो."

बाई वाकल्या. "कुठे? मला तर दिसत नाही."

"आहे. माझं लक्ष दुसरीकडे गेलं. हिचं लग्न ठरलंय, ते सांगत होती."

"अय्या, मुलीचं लग्न!" बाईंनी माझा हात धरला, ओला होता तरी. मी तोंड उघडलं, मी सून आहे म्हणून सांगायला.

"हो," अप्पा म्हणाले. "बावीसच्या आठवड्यात आम्ही येणार नाही. घरचं कार्य आहे."

बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण केली. मी बादली उचलली आणि गाडीकडे चालायला लागले. हनुवटी थरथरायला लागली होती, कितीही दाबली तरी थांबेना.