पावती कोणाच्या नावाने

वकिलांनी "शंभर रुपये" म्हटल्याबरोबर बबनरावांचा उजवा हात वरच्या खिशावर गेला, तिथून बाजूच्या खिशावर, तिथून दुसऱ्या बाजूला, आणि सगळीकडून रिकामाच परत आला. हात त्या कामात तरबेज होता. चहाच्या टपरीवर, एसटीत, लग्नातल्या आहेराच्या टेबलासमोर, जिथं जिथं पैसे काढायची वेळ येई तिथं तो असाच हिंडे, आणि तो हिंडून येईपर्यंत सोबतच्या माणसाने पैसे दिलेले असत. बंडीच्या आत बायकोने शिवून दिलेला चोरखिसा होता आणि त्यात दोनशे रुपये होते. पण त्या खिशाकडे हात चुकूनही जात नसे.

"पहिल्या सल्ल्याचे," यज्ञेश्वर वकील म्हणाले आणि त्यांनी पाठीमागच्या पाटीकडे अंगठा केला. पाटीवर लिहिले होते, 'पहिल्या सल्ल्याची फी रु. १००. आधी द्यावी, मग बोलावे.'

"अजून तं मी काही इचारलंच नाई," बबनराव म्हणाले.

"म्हणूनच आधी. विचारून झाल्यावर कोणी देत नाही."

आर्णीत तहसील कचेरीच्या मागे वकिलांची ही एवढीशी जागा. बाहेर एक बाकडे, मध्ये अर्धे दार, आत टेबल आणि एक पंखा. पंखा वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त करी. टेबलाच्या अलीकडे दोन खुर्च्या होत्या. एकीवर बबनराव, दुसरीवर त्यांची थोरली बहीण तानाबाई, मांडीवर भली मोठी कापडी पिशवी घेऊन.

पिशवीवरून पहाटेच बोलाचाली झाली होती. तानाबाईंचे सासर झरी जामणीकडे, जंगलाच्या कडेला. बबनराव आदल्या दिवशी तिला घ्यायला गेले, रात्री मुक्काम केला आणि पहाटेच्या गाडीने तिला घेऊन निघाले. बेत साधा होता. दुपारपर्यंत कागद करायचा आणि दोनच्या गाडीत बहिणीला परत बसवून द्यायचे. "एका दिवसासाठी एवढी पिशवी कायले वं बाई?" त्यांनी विचारले होते. "असू दे," एवढेच ती म्हणाली होती.

कागद होता हक्कसोडीचा. वडील जाऊन दोन वर्षे झाली होती. सहा एकर काळी जमीन, आणि सातबाऱ्यावर वारस म्हणून बबनरावांच्या नावाखाली तानाबाईंचे नाव चढले होते. तलाठ्याने सांगितले, बहिणीकडून हक्कसोड लिहून घ्या, म्हणजे उतारा साफ. बबनरावांना वाटले, दोन दिवसांचे काम आहे. त्याला दोन वर्षे लागली, कारण तानाबाईंचा अंगठा काही मोकळा सापडेना.

पहिल्या खेपेला ते गेले तेव्हा तिचा गुडघा धरला होता, मोटारीत चढता येत नव्हते. दुसऱ्यांदा पितृपक्ष निघाला. "पितरपाटात बापाच्या वावरावर अंगठा देतेत का रे?" तिसऱ्यांदा शेळी व्यायला झाली होती. चौथ्या खेपेला तर खुद्द अंगठ्यालाच विळा लागला होता, आणि तिने त्याला हळद लावून इतकी मोठी चिंधी बांधली होती की तो दुसऱ्याच कोणाचा तरी वाटत होता. प्रत्येक खेपेला बबनराव पावशेर चिवडा घेऊन जात, रात्री तिच्या हातची पातोडीची भाजी आणि भाकर हाणत, आणि सकाळी चरफडत परत येत. बहीण भोळी आहे असे ते आजवर समजत होते. आता त्यांना शंका येऊ लागली होती की तिला कोणीतरी शिकवले आहे. बायको तर म्हणायची, "तुमची बाई अर्ध्या वावरावर डोया ठेवून हाये."

म्हणून या खेपेला ते स्टँपपेपर आधीच विकत घेऊन आले होते. उरला होता फक्त वकिलाचा मजकूर, आणि तो फुकट मिळावा यासाठी त्यांच्याकडे एक हुकमाचे पान होते. ते त्यांनी आता टाकले.

"वकीलसाहेब, तुमच्या मायचं माहेर कोपराखेड. आमचंच गाव. म्हंजे तुमी गावचे भाचे अन् मी तुमचा मामा लागतो. भाचा मामाकून पैशे घेते का?"

वकिलांनी चष्मा काढला. "अस्सं. मग मामानं भाच्याच्या पाया पडायची रीत आहे ना तुमच्याकडे? आणि हातावर दक्षिणा ठेवायची? भाच्याला राबवून घेतलं तर पाप लागतं म्हणतात."

"लागते," तानाबाई गंभीरपणे म्हणाल्या. रीतिरिवाजात त्यांना थट्टा कळत नसे.

"तर मामा, वकील म्हणून मी शंभरच मागतोय. भाचा म्हणून मागायला लागलो तर टोपी-उपरणंही लागेल. बघा, कोणतं परवडतं ते."

हुकमाचे पान असे आपल्याच अंगावर उलटल्यावर बबनरावांचा हात पुन्हा एकदा खिशांच्या वारीला निघाला. तो दुसऱ्या खिशापर्यंत पोचला असेल नसेल तोच तानाबाईंनी कमरेची चंची सोडली आणि तिच्यातून घडी-घडी केलेली शंभराची नोट काढून टेबलावर ठेवली.

"घ्या बाप्पा. त्याले सापडत नाई. लहानपनापासून त्याले काहीच सापडत नाई."

बबनरावांना मोकळे वाटले. खरे म्हणजे थोडी लाजही वाटली, पण मोकळे वाटण्याच्या मानाने ती फारच थोडी होती.

वकिलांनी पावतीपुस्तक ओढले. "नाव?"

"तानाबाई." तिने सासरचे आडनाव सांगितले, मग थांबून वडिलांचे नावही सांगितले. वकिलांनी दोन्ही लिहिले, पावती फाडली आणि तिच्या हातात दिली. मग बबनरावांकडे वळून ते म्हणाले, "तुम्ही आता बाहेर बसा."

"मी?"

"फी त्यांनी दिली. पक्षकार त्या. हक्कसोड म्हणजे एक देणार, एक घेणार. दोघांना एकदम सल्ला देत नसतो मी. तुम्हाला हवा असेल तर वेगळा. शंभर रुपये."

बबनराव बहिणीकडे पाहू लागले. ती काही बोलेल, "असू द्या, भाऊच हाये" असे म्हणेल, अशी त्यांना आशा होती. ती पावती न्याहाळत होती. वाचता येत नव्हते तरी वरून खाली पाहत होती.

ते बाहेर बाकड्यावर येऊन बसले. चोरखिशातल्या दोनशे रुपयांना आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मनातल्या मनात शिवी दिली. शंभर वाचवायला गेलो आणि तीन एकर गमावून बसलो, असा हिशेब त्यांच्या डोक्यात गरगरत होता. अर्ध्या दाराच्या खालून बहिणीचे पाय आणि पिशवीची कड दिसत होती. कान टवकारले तरी पंख्याच्या खडखडाटात काही ऐकू येईना. मधूनच वकिलांचा "हं" तेवढा येई. हा "हं" कसला असेल? वाटणीचा? कोर्टाचा? बहीण-भावाचा खटला आर्णीत उभा राहिला आणि सारे गाव साक्षीला आले, इथवर त्यांचा विचार पोचला.

तेवढ्यात एक वाजला आणि लाइट गेली. रोजच जात असे. भारनियमनाला बबनरावांनी आजवर पाण्यात पाहिले होते, पण आज पंखा थांबला, खडखडाट थांबला, आणि तानाबाईंचा आवाज शेजारी बसल्यासारखा स्पष्ट आला. पंख्यावर मात करायला तिने चढवलेला आवाज तिने अजून उतरवला नव्हता.

"...तं मले इतकंच सांगा. अंगठा देला तं माहं माहेर राह्यते का? अन् नाई देला तं राह्यते का? दोन्हीचं सांगा."

"बाई, हे कायद्यात नाही."

"मंग शंभर रुपये कायचे घेतले?"

वकील खाकरले. "कायद्यात एवढंच आहे की जमीन निम्मी तुमची. द्यायची की ठेवायची, तुमची मर्जी. कोणी जबरदस्ती करत असेल तर सांगा."

"तो कायची जबरदस्ती करते. कडेवर वागवला मी त्याले. माय वावरात जाये तं दिवसभर माह्याच कडेवर. मले वावर नाई पाह्यजे. तीन दिवाळ्या झाल्या, बोलावणं नाई. म्हन्ते घरात कापूस भरला हाये, झोपाले जागा नाई. अन् अंगठ्यासाठी चार खेपा आला. चिवडा घेऊन आला. दोन घास माह्या हातचे जेवला. मले वाटे, अंगठा देऊन टाकला तं मंग हा कायले येते? म्हून कधी गुडघा, कधी शेळी. इळा तं लागलाच नव्हता, नुसती चिंधी बांधली होती."

आतून वकिलांची खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला.

"आता निमित्त उरलं नाई," तानाबाई म्हणाल्या. "लिहा कागद. पावती मातर मी ठेवीन. पैशे देऊन का होईना, कोनी बसून आईकलं."

बबनराव बाकड्यावर होते तसेच बसून राहिले. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. कापूस घरात भरला होता हे खोटे नव्हते. भाव येईल म्हणून ठेवायचा आणि भाव पडला की कोपऱ्यातून हलवायचा नाही, असे तीन वर्षे चालले होते, साऱ्या गावाचेच चालले होते. पण त्या कापसाच्या आड लपून आपण बहिणीला दूर ठेवले, हे त्यांना आत्ता समजले आणि फार वाईट वाटले. बापाच्या मागे तिला एक लुगडेही नेले नव्हते. नेला तो पावशेर चिवडा, आणि तोही मोजून.

अर्धे दार ढकलून तानाबाई बाहेर आल्या. पावती चंचीत ठेवत त्या म्हणाल्या, "चाल. वकील म्हन्तेत कागद आन. कुठी हाये तुहा स्टँप?"

बबनरावांनी थैलीत हात घातला. स्टँपपेपर लगेच हाताला लागला. त्यांनी तो होता तिथेच ठेवला आणि नुसताच हात बाहेर काढला.

"सापडत नाई," ते म्हणाले.

"अरे, थैलीतच तं होता सकाळी."

"असन कुठीतरी. पुढच्या खेपेस पाहू. तसाही तुहा गुडघा दुखून राह्यला."

"माहा? नाई तं."

"दुखते. मी पायतो ना, सकाळपासून लंगडून राह्यली तू." त्यांनी तिच्या मांडीवरून आता खांद्यावर गेलेली पिशवी ओढून घेतली. पिशवी चांगलीच जड होती. दोन लुगडी, दातांची मिस्री, आणि तळाशी काहीतरी गाठोड्यात बांधलेले, बहुधा बबनरावांच्या लेकरांसाठी. "आन इकडं."

दारात येऊन वकील उभे होते. "मामा, काय ठरलं? मजकूर लिहू ना?"

"राहू द्या, साहेब. स्टँप सहा महिने चालते."

"आणि सहा महिन्यांनी?"

"मंग दुसरा घेऊ."

दोघे एसटी स्टँडवर आले. झरीच्या वाटेवरची, पांढरकवड्याला जाणारी दोनची गाडी उभी होती, तिच्याकडे तानाबाई वळल्या. बबनराव मात्र पिशवी घेऊन पलीकडे उभ्या असलेल्या कोपराखेडच्या गाडीत चढले आणि खिडकीची जागा धरून तिला हाक मारू लागले. ती दाराशीच उभी राहिली.

"घरी तं कापूस हाये म्हन्तेस."

"हाये. छपरापर्यंत. त्याच्यावरच झोपू. लहानपनी झोपत नव्हतो का? रातभर खाजवत."

"तुही बायको काय म्हनन?"

"ते पाहू. तू बस आधी."

ती बसली. कंडक्टर आला, आणि सवयीने तानाबाईंचा हात कमरेकडे गेला. बबनरावांचाही हात उठला. वरच्या खिशावर गेला नाही, बाजूच्या खिशावर गेला नाही, भर गाडीत त्यांनी सदऱ्याची तीन बटणे सोडली, बंडीत कोपरापर्यंत हात घातला आणि घामाने ओली झालेली शंभराची नोट बाहेर काढली.

"कोपराखेड," ते म्हणाले. "दोन द्या."

तानाबाईंनी आपले तिकीट मागून घेतले आणि चंची उघडून पावतीच्या घडीत ठेवले.