गॅलरीतल्या फ्रिजची किळस

मला नाक नाही, तरी वासातले मला जेवढे कळते तेवढे घरात कुणालाच कळत नाही. मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे. फिकट पिवळा, एका दाराचा, मुठीजवळचा रंग उडालेला. नासलेले दूध, कुजलेला टोमॅटो, विसरलेला अर्धा कांदा, सगळे मी पोटात घेतले आणि कधी तोंड वाकडे केले नाही. पण नव्या वस्तूंपायी माणसे काय काय गिळतात ते पाहिले, आणि मला खरोखर शिसारी आली.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा वाकवला, भिंतींत फेस भरला, पाठीला जाळी लावली. मग एका बाईने माझे दार दोनदा उघडझाप करून पाहिले आणि ती म्हणाली, "हं, बसतंय नीट." ती माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी. तिथून मी या घरी आलो. घरात तिघेच: आई, थोरला आणि धाकटी. आई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. संध्याकाळी घरी आली की आधी माझ्यातले गार पाणी पिते, मग चपला काढते.

धाकटी शाळेत जाऊ लागली आणि तिला मधुमेह झाला. तो लहान मुलांनाही होतो, हे मला तेव्हाच कळले. त्या दिवसापासून माझ्या दारातला वरचा कप्पा तिच्या इन्सुलिनचा झाला. ते औषध गार ठेवावे लागते, पण गोठले की वाया गेले. आईने माझे बटण पुढेमागे फिरवून नेमकी जागा शोधली आणि सगळ्यांना बजावले, "याला कुणी हात लावाल तर खबरदार!" वर्षानुवर्षे कुणी लावला नाही. धाकटी वाढली, कॉलेजात गेली, पोहण्याच्या शर्यतींत उतरू लागली. तिच्या पोहण्यात माझाही थोडा वाटा आहे, असे मी मनातल्या मनात धरून चाललो होतो.

थोरल्याचे वेड वेगळे होते. दात घासता घासता तो फोनवर नव्या यंत्रांच्या बातम्या वाचायचा आणि तोंडात फेस घेऊनच ओरडायचा, "आई, घडी घालता येणारा फोन आलाय!"

"रुमाल आहे का तो?" आई म्हणायची.

पुढे तो अशा वस्तूंविषयी मत सांगणारे व्हिडिओ करू लागला. सुरुवातीला ते मत त्याचे स्वतःचे होते. लोकांना तो आवडू लागला. मग कंपन्यांकडून घरी खोकी येऊ लागली, फुकट. आणि खोक्यांबरोबर शब्दही तयार होऊन येऊ लागले. 'अफलातून.' 'आयुष्य बदलून टाकणारं.' साधा दात घासायचा ब्रश, तोही आयुष्य बदलू लागला! थोरला तेच ते शब्द कॅमेऱ्यापुढे हसत हसत बोले आणि इकडे स्वयंपाकघरात माझ्या नळ्यांत मळमळ होई.

एके दिवशी माझ्यापेक्षाही उंच खोके आले. त्यातून निघाला काळा, चकचकीत फ्रिज. त्याच्या दारावर पडदा होता. पडद्यावर बातम्या, हवामान आणि जाहिराती. दूध काढायला जावे तर आधी साबणाची जाहिरात बघावी लागे. थोरल्याने घाईघाईत माझी वायर काढली, मला गॅलरीत ढकलले आणि माझे दार घट्ट लावले. इन्सुलिन तेवढे नव्या फ्रिजच्या दारात गेले; भाजीचा खालचा ट्रे आणि त्यात कोंबलेली दुधाची पिशवी काढायची राहूनच गेली. मग कॅमेऱ्यापुढे माझ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "हा डबा बघा! आज यापासून आमची सुटका!"

मित्रांनो, डबा म्हटल्याचे मला एवढे लागले नाही. पण पोटात दुधाची पिशवी फुटली, भोपळा पाघळला, सगळ्यावर बुरशीची केसाळ साय आली. जन्मात पहिल्यांदा मला स्वतःचीच किळस आली.

गॅलरीच्या काचेतून मला स्वयंपाकघर दिसत असे. एका सकाळी नव्या फ्रिजच्या पडद्यावर रंगीत फुगे उडाले आणि अक्षरे आली: 'अभिनंदन! तुमच्या फ्रिजमध्ये सुधारणा झाली आहे.' ही सुधारणा कुणी मागितली होती? ती कंपनीने दुरूनच पाठवली होती, आणि तिने आतला थंडावा आपोआप वाढवून ठेवला. घरात कुणाला पत्ता नाही. दारातले इन्सुलिन गोठले. धाकटीने सवयीप्रमाणे, न निरखताच, नवी बाटली काढली, थोडा वेळ बाहेर ठेवली आणि टोचून घेतले. गोठून वितळलेले औषध दिसायला आधीसारखेच होते.

तिची साखर चढू लागली. तिने डोस वाढवला, तरी उतरेना. घशाला कोरड, उलट्या, आणि शेवटी ती न्हाणीघराच्या दारात कोसळली. थोरल्याने तिला उचलले आणि तसाच अनवाणी जिना उतरला.

दुसऱ्या दिवशी आई कपडे न्यायला एकटीच घरी आली. डॉक्टरांनी तिला विचारले होते, औषध कुठे ठेवता, ते गोठले होते का? तिने नव्या फ्रिजचे दार उघडले. पालेभाजी हातात कडकडली. दारातल्या उरलेल्या बाटलीत बर्फ होता. आई तिथेच फरशीवर बसली आणि तिने कंपनीला फोन लावला.

"मॅडम, आपला फ्रिज उत्तम चालतोय, असं इथे दिसतंय," पलीकडून गोड आवाज आला.

"तुम्हाला तिथून दिसतंय, आणि मला इथून दिसत नाही होय?" आईने फोन ठेवला आणि ती गॅलरीत आली.

माझे दार उघडताच तिने तोंडावर पदर धरला. तेवढ्यात थोरला आला. "शी! हा वास कसला?"

"तुझाच आहे," आई म्हणाली. "घास."

त्याने मला आतून गरम पाण्याने, साबणाने, सोड्याने घासले. रबराच्या चुण्यांतली बुरशी जुन्या ब्रशने काढली. मध्येच तो रडला. मला वायर लावली. थोडा खोकलो, पण चालू झालो.

धाकटी वाचली. थोरल्याने जे घडले ते जसेच्या तसे व्हिडिओत सांगितले. 'तो फ्रिज मला फुकट मिळाला होता आणि माझे शब्दही माझे नव्हते,' हेसुद्धा. लगेच कंपनीचा माणूस दारात हजर. अंगाला अत्तराचा इतका दर्प, की नासके दूध परवडले.

"सर, पुढच्या वर्षीचं मॉडेल आधी तुमच्याकडे येईल. फक्त तो व्हिडिओ तेवढा काढून टाका."

"माझ्या बहिणीचं औषध गोठलं, त्याचं काय?"

"ते आम्ही नव्या सुधारणेत दुरुस्त केलंय."

"म्हणजे तुमची चूक होती."

"असं मी म्हटलं नाही, सर."

धाकटी आतून भिंतीचा आधार घेत आली होती. ती भावाकडे पाहत उभी राहिली. थोरला उठला आणि त्याने दार उघडून धरले. "व्हिडिओ राहील. फ्रिज घेऊन जा."

हमालांनी तो काळा फ्रिज उचलून नेला आणि मी पुन्हा स्वयंपाकघरात माझ्या जागी आलो. त्या बिचाऱ्यावर माझा राग नाही. त्याला वरून जे सांगितले ते त्याने केले.

मित्रांनो, नवी वस्तू जरूर आणा. मीही एकदा नवाच होतो. पण ती घरातल्यांचे ऐकणार की दूर बसलेल्या कुणाचे, हे आधी विचारा. जो तिची स्तुती करतो त्याला ती फुकट मिळाली का, तेही विचारा. आणि जुनी वस्तू बाजूला काढाल तेव्हा तिचे पोट रिकामे करून पुसा. आयुष्यभर राबलेल्याला कुजत ठेवू नका.

थोरल्याकडे आता खोकी येत नाहीत. काल तो विकत आणलेल्या एका टोस्टरबद्दल बोलत होता. "कडा जळतात," तो म्हणाला, "आणि मध्ये पाव कच्चाच राहतो." किती दिवसांनी मी या घरात एक स्वच्छ वाक्य ऐकले!