मोरीपर्यंतची फरशी

मोतीराम मिस्त्रीचं नाव निघालं तरी माझं तोंड अजून कडू होतं. नव्वद सालच्या उन्हाळ्यात आदिलाबादच्या आमच्या घरात त्यानं शहाबादी फरशी बसवली. बसवली म्हणायची, एवढंच.

फरशी घातली ती सासूबाईंसाठी, म्हणजे जयवंताबाईंसाठी. तामसीच्या शेतात पडून त्यांच्या कमरेचं हाड मोडलं, तेव्हापासून त्यांना उभं राहता येत नव्हतं. दोन्ही हात टेकत, बसल्या बसल्या सरकत त्या घरभर फिरायच्या. मातीची जमीन पावसाळ्यात ओल धरायची, लुगडं चिखलानं माखायचं. गुळगुळीत फरशीवरून आई कशी झपाझप जाईल, हेच माझ्या यजमानांच्या, सुधाकररावांच्या मनात. मोरीपर्यंत आपलं आपण जाता येणं, एवढीच त्या बाईची इज्जत उरली होती. कोणी उचलून नेलेलं त्यांना मुळीच खपायचं नाही.

आणि या माणसानं काय करून ठेवलं? एक फरशी वर, शेजारची खाली. कोपरे उडालेले, ते सिमेंट थापून झाकलेले. कितीतरी फरश्या पाय ठेवला की डुगडुगायच्या. भिंतीवर तंबाखूच्या पिचकाऱ्या, त्या वेगळ्याच. किळस यावी असं काम! मी बोलले तर म्हणतो, "नवी फरशी हाय बाई. चालून चालून बसते ते." यजमान दिवसभर तहसील कचेरीत, त्यांनाही ते पटलं.

पुढे माझ्या लक्षात आलं, सासूबाई दुपारचा चहा परत पाठवतात. ताकाला हात लावत नाहीत. वर ऊन रणरणतंय, ओठ सुकलेत, तरी उशाचा तांब्या भरलेलाच.

"काऊन हो आत्याबाई, पानी काऊन नाई पिऊन राह्यल्या?" मी विचारलं.

 त्यांनी कूस बदलली आणि लुगडं जरा वर घेतलं. फरशीच्या कडांनी मांड्या मागून सोलवटल्या होत्या. जुन्या खपल्यांवर नवे ओरखडे.

"पानी पेलं का जा लागते नं माय," त्या म्हणाल्या. "मनून नाई पेत."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. यजमानांना सांगितलं, तेव्हा ते जेवणावरून उठले. त्याच्या गावी, इचोड्याला निरोप धाडून मोतीरामला बोलावून घेतलं. तो चपला घालूनच आत आला.

"मिस्त्री, बसा खाली," मी म्हटलं. "आता मोरीपर्यंत सरकत जा. हात टेकून, बसल्या बसल्या."

तो हसला. यजमान दार अडवून उभे राहिले. मग मिस्त्री बसला आणि सरकू लागला. अर्धी खोली झाली नाही तोच तळहात चोळत उठला.

"आमी कायले सरकू?" तो म्हणाला. "आमचे पाय हायेत नं."

सासूबाई अंथरुणावरून ऐकत होत्या. यजमान तडक अंगणात गेले. तिथली लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, आणली आणि अंथरुणापासून मोरीपर्यंतच्या फरश्या एकेक करून उचकटल्या. खाली बहुतेक ठिकाणी सिमेंटचा माल नव्हताच, नुसती वाळू. मी शेणमाती कालवली आणि तेवढा पट्टा हातानं घोटून सारवला.

मोतीरामची हिंमत पाहा, पोळा झाल्यावर तो एका गिऱ्हाइकाला घेऊन आमच्याच दारात. का, तर आपलं काम दाखवायला! गिऱ्हाइकानं मातीच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं.

"घरवाल्यायची हौस," मोतीराम म्हणाला.

तेवढ्यात सासूबाई सरकत आल्या आणि गिऱ्हाइकापाशी थांबल्या.

"बापू, तुही माय हाय का घरी?"

"हाय नं, आजी."

"मंग दुसरा मिस्त्री पाह्य. अन् जरासा बाजूले हो, मले मोरीत जायाचं हाय."

गिऱ्हाईक बाजूला झालं. आमच्या सगळ्यांच्या देखत, कोणाचाही हात न धरता, त्या मोरीकडे निघून गेल्या.